आधी वायर, मग गिलावा

मागच्या खोलीचा नकाशा मी कचेरीतल्या जाड कागदावर काढला होता. चार भिंती, एक दार, एक खिडकी. दाराशेजारी बटणांचा बोर्ड, मधोमध एक दिवा आणि पलंगाच्या उशाशी दुसरा. वायर जिथून जायची तिथं लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. कागदावर सरळ आलेली रेघ भिंतीतही सरळच जाते, असं तेविसाव्या वर्षी माणसाला वाटतं. मला तरी वाटत होतं, आणि ते मी चारचौघांना ऐकवतही होतो.

त्या खोलीत माझी अक्का बाळंत व्हायची होती. ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला याच खोलीत, कंदिलाच्या उजेडात, सुईणीच्या हातात मुलगा आला. तो निळा पडलेलाच आला की बाहेर आल्यावर निळा पडला, हे कुणाला सांगता आलं नाही, कारण कुणाला नीट दिसलंच नव्हतं. नाळ मानेभोवती होती, एवढं सुईणीच्या हाताला लागलं. अक्काचं सासर होटगीला, दाजी रेल्वेत. तिची सासू तेव्हा आमच्या उंबऱ्यावर उभी राहून आईला म्हणाली होती, "ह्या बारीला सोडलं. फुडच्या बारीला काय वंगाळ झालं, तर पोरगी हितंच ठिवून घ्या." ती बाई बोललेलं करणारी होती. तिच्या भावकीतली एक सून अशीच माहेरी राहिली होती, ती शेवटपर्यंत तिथंच. शिवाय दवाखान्यात न्यायचं नाही, तिथं पुरुष डॉक्टर असतो, ही अटही तिचीच.

आमचे वडील, अण्णा, वारले होते. घरात मी आणि आई. तेव्हा अक्काचं सासर टिकणार की नाही हे त्या खोलीवर आणि माझ्यावर आलं, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. आईनं तसं कधी म्हटलं नाही. मीच धरलं.

मी एका नर्सबाईंना गाठलं. घरी येऊन बाळंतपण करायच्या, हाताला यश होतं. त्या खोली बघायला आल्या आणि आमच्या पुढच्या खोलीतच थांबल्या. तिथं भिंतीवरून लाकडी पट्टी गेलेली, पट्टीवर वायर, आणि वायरच्या टोकाला आमच्या घरातला एकुलता एक दिवा. बाईंनी केसातली पिन काढून पट्टीच्या फटीत फिरवली. ढेकूण भराभर खाली पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या खोलीत तर दिवाही नव्हता, आणि भिंतीचा मातीचा गिलावा हात लावला की पडत होता. बाई म्हणाल्या, "डोक्यावर विजेचा दिवा पाहिजे, भिंत स्वच्छ पाहिजे, आणि ही लाकडाची पट्टी मला त्या खोलीत दिसता कामा नये. कंदिलाच्या उजेडात मी हात घालणार नाही."

सात रस्ता चौकात तेव्हा एका नव्या इमारतीत आतलं वायरिंग केलेलं मी बघितलं होतं. भिंत नुसती गुळगुळीत, वायर कुठे दिसत नाही, बटण दाबलं की दिवा. पट्टी नाही म्हणजे ढेकूण नाहीत. ठरलं. घर पाहावं बांधून म्हणतात. मला तर एक खोलीच करायची होती.

वायरमन शहरातलाच, पेठेतला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पावलं टाकत खोली मोजली, माझा नकाशा बघितला, हसला, आणि मग कामाला लागला. दगडांच्या सांध्यांतून त्यानं खाच पाडली, तीत लोखंडी पाइप बसवला, वळणावर आणि दारावर लोखंडी डबे बसवले. जाताना मला म्हणाला, "आता माझं ऐका भाऊ. गिलाव्याच्या आधी मला बोलवायचं. मी वायर ओढणार, दिवा पेटवून दाखवणार, मग गवंड्यानं हात लावायचा. उलटं करू नका. एकदा का वरून सिमेंट चढलं की आत काय झालंय ते भिंत सांगत नाय."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

सिमेंट त्या दिवसांत परमिटवर मिळायचं. अर्ज, सही, पुन्हा सही, आणि शेवटी चार पोती हाती आली ती फाल्गुनात. आणि नेमका वायरमन गायब झाला. यंत्रमागाच्या एका कारखान्यात मोटारी बसवायचं काम त्याला मिळालं होतं. आज येतो, उद्या येतो. इकडे गवंडी मैंदर्गीकडचा, म्हातारा, हाताचा सरळ. तोही घायकुतीला आला. "मालक, सुगी आली की. शेतात जोंधळा उभा हाय. चार दिवसात मी गावाकडं जाणार, मग पाडव्यापतोर न्हाय." त्यानं पोत्यावर हात दाबून दाखवला. आतल्या सिमेंटच्या गाठी व्हायला लागल्या होत्या.

मी विचार केला, पाइप तर आत बसलाच आहे. वायर काय, मागाहून ओढता येईल. डब्यांची तोंडं कागदाचे बोळे कोंबून बंद केली की झालं. बोळे मी स्वतः कोंबले. डबे पाच होते, मी चार बुजवले. पाचवा दाराच्या वर होता आणि त्याच्यापुढे गवंड्यानं परांचीची फळी आडवी बांधली होती. मला तो दिसला नाही, आणि मोजायचं मला सुचलं नाही. मी कचेरीला गेलो. संध्याकाळी आलो तर चारी भिंती राखाडी, ओल्या, आरशासारख्या सपाट. गवंडी हात धूत म्हणाला, "आयतु मालक. झालं की." मी त्याला चहा पाजला. आधी कळस मग पाया म्हणतात ते माझ्यासारख्याच कुणाला तरी बघून म्हटलं असावं.

आठवडाभर मी आणि आईनं भिंतीवर पाणी मारलं. मग एकदाचा वायरमन उगवला. गिलावा बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं पोलादी तार पाइपात घातली. तार अर्ध्यावर गेली आणि अडली. दुसऱ्या बाजूनं घातली, तिथंही अडली. मग त्यानं बोटांच्या पेरांनी दारावरची भिंत ठोकत ठोकत कान लावला.

"हितं डबा होता. कुटं गेला?"

मी बोटांवर बोळे मोजले, चारच भरले.

"भाऊ, डब्यात सिमेंट भरलंय. आता फोडावं लागतंय. जास्त नाय, हातभर."

"मग फोडा की."

"छिन्नी आणली नाय मी आज. उद्या आणतो."

'उद्या' हा शब्द तेव्हा मला साधा वाटला. माहेरी पोर आणायची ती सातव्यात नाहीतर नवव्यात, आठव्यात नाही. आम्ही नववा धरून चाललो होतो. हातात पुरता महिना-दीड महिना होता. त्याच दिवशी दुपारी दारात टांगा थांबला. टांग्यातून दाजी उतरले, मागोमाग अक्का, पोटावर पदर ओढून. सासूनं सातवा धरला होता, आणि सातवा सरायला दोन दिवस राहिले म्हणून सुनेला धाडून दिलं होतं. कळवायचं कुणाला सुचलं नाही, तेही माझ्यासारखेच.

आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, अक्काच्या पायावर पाणी घातलं, आणि ती आत आल्याबरोबर माझ्याकडे वळून म्हणाली, "आता घराला हात लावायचा न्हाय. पोटुशी पोर घरात हाय. फोडायचं न्हाय, खणायचं न्हाय, भितीला खिळासुदिक ठोकायचा न्हाय."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्यात सगळेच पाळतात. गरोदर बाई घरात असताना घर फोडलं तर पोटातल्या जिवाला व्यंग येतं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. फक्त ते माझ्या नकाशात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन छिन्नी घेऊन आला आणि आईनं त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं. तोही वाद न घालता गेला. "आमच्यातबी मानतात," म्हणाला. मी त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावलो. म्हटलं, भिंतीवरूनच पट्टी मारा, नर्सबाईंच्या पाया पडेन मी. तो म्हणाला, पट्टीला भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकाव्या लागतात, ते काय ठोकणं नाय? म्हटलं, मग पुढच्या खोलीतून नुसती लोंबती वायर आणा. तेव्हा मात्र तो चिडला. "नक्को. ओला गिलावा, लोखंडी पाइप, बाळंतिणीची खोली, सगळीकडं पाणीच पाणी. ओल्या भिंतीला चिकटलेला माणूस मी कारखान्यात बघितलाय. मी देणार नाय आणि तुम्हीबी करू नका."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझा जीव घाबरा होतो. नर्सबाई पुन्हा येऊन गेल्या. भिंतींवरून हात फिरवला, "छान," म्हणाल्या, आणि वर बघितलं. "दिवा?" मी सगळं सांगितलं. त्या आईला समजवायला बसल्या, आई ऐकून घेत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "तुमचं खरं असंल बाई. पर माझं एक गेलंय." बाई उठल्या. "मग सुईणीला सांगा," म्हणाल्या. सुईण म्हणजे तीच, मागच्या खेपेची. त्या रात्रीपासून मला झोप लागेना. एकीकडे कंदील आणि दुसरीकडे छिन्नी, आणि दोन्हीकडे अक्काचंच पोर. देवळात जाऊन आलो, तिथंही काही सुचलं नाही. आईवर ओरडलो. मग जेवलो नाही. मग तिचेच पाय धरले. ती म्हणाली, "सुयर संपल्यावर कितीबी फोड." सुयर संपणं म्हणजे बाळंतपण उरकून बाराव्या दिवसानंतर. तोवर दिवा लावून मी काय वाचन करणार होतो?

आणि मग मला पळवाट सापडली. शहाणपणाची म्हणा नाहीतर गाढवपणाची. आई म्हणते, गरोदर बाई घरात असताना फोडायचं नाही. पण ती घरात नसली तर? गल्लीतल्या बायकांनी अक्काला ओटी भरायला बोलावलं होतं. आई आणि ती दुपारी जाणार, चार वाजेपर्यंत येणार. तेवढ्या वेळात घर हे नुसतं घर. मी नियम मोडत नव्हतो, पाळत होतो! शिकलेल्या माणसाला धड मानताही येत नाही आणि सोडताही येत नाही, म्हणून तो अशी कलमं काढत बसतो.

त्या दोघी गेल्या. मी दाराला कडी लावली नाही, कुणाला संशय नको म्हणून. उसन्या आणलेल्या छिन्नीच्या डोक्याला फडकं गुंडाळलं आणि स्टुलावर चढून घाव घातला. गिलावा कसला घट्ट बसला होता! म्हाताऱ्यानं मनापासून काम केलं होतं. दहा-बारा घावांनंतर एक खपली निघाली. खोलीत अंधार, डबा नेमका कुठे आहे ते दिसेना, अंदाजानं ठोकत होतो. असाच एक घाव घालताना मागे बांगडी वाजली.

अक्का दारात उभी होती. ओटीत नारळ, तांदूळ, कपाळभर कुंकू. तिला उन्हानं कसंतरी झालं म्हणून ती एकटीच परत आली होती. माझा हात वरच राहिला. तिनं फुटलेल्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा हात आपसूक पोटावर गेला. मी स्टुलावरून उतरलो. "अक्का, मी..." म्हणालो.

तिनं नारळ-तांदूळ खाली ठेवले, पुढच्या खोलीतला आरसा घेऊन आली, खिडकीत तिरका धरला, आणि बाहेरचं ऊन दारावरच्या भिंतीवर पाडलं. "दिसतंय का?" म्हणाली. "कर पुरं. अर्धं सोडू नगंस. मागल्या बारीला त्येचं तोंडबी मला दिसलं न्हाय." प्रत्येक घावाला आरशाचा उजेड हलत होता. डबा सापडला. मी आतलं सिमेंट खरवडून काढलं, पाइपाचं तोंड मोकळं केलं. उरलेल्या सिमेंटनं खड्डा भरला, डब्याचं तोंड या खेपेला चिंधीनं बुजवलं. फुटलेले तुकडे अक्कानंच परातीत भरून परसात टाकले. "आईला सांगू नगंस," एवढंच म्हणाली.

वायरमननं दोन दिवसांनी वायर ओढली. ओढणं म्हणजे फोडणं नव्हे, आईची हरकत नव्हती. आडकाठी आपोआप कशी गेली हे तिनं विचारलं नाही. बटण दाबलं आणि मागची खोली पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत दिसली. मी भरल्या घरात रडलो. आईसुद्धा दिव्याला हात जोडून उभी राहिली. नर्सबाईंनी यायचं कबूल केलं. दारावरचा तो हातभर तुकडा मात्र बाकी भिंतीपेक्षा काळपट वाळला. आईनं तो बघितला असणार. तिचे डोळे काही अधू नव्हते.

वैशाखात, सकाळी सात-आठच्या सुमारास अक्का सुटली. मी ओसरीवर होतो. आतून रडणं ऐकू आलं, खणखणीत. जिवंत! मुलगी का मुलगा, हेही विचारायचं भान राहिलं नाही. मग लक्षात आलं की रडणं ऐकू येतंय ते फक्त बाळाचं. बायका बोलत नव्हत्या.

आईनं दार उघडलं. दिवा लख्ख लागलेला. नर्सबाईंच्या हातात मुलगी, गोरी, भरल्या अंगाची, आणि तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. त्या उजेडात लपण्यासारखं काहीच नव्हतं. आईनं बाळाकडे बघितलं, मग मान वर करून दारावरच्या त्या काळपट तुकड्याकडे. "तू भित फोडलीस," म्हणाली. ओरडली नाही. अक्कानं डोळे मिटून घेतले.

पोरीला अंगावर पिता येईना. आई बोंडल्यानं थेंब थेंब दूध घालायची, अर्धं नाकातून परत यायचं. मी घरात जेवायचा बंद झालो. कचेरीत आकडे दिसायचे, कळायचे नाहीत. मी विज्ञान शिकलेला माणूस, छिन्नीचा घाव ओठापर्यंत पोहोचत नाही हे मला कळत होतं; आणि डोळे मिटले की घाव घालणारा माझाच हात दिसायचा. पाचवीला दाजी आले. आईनं त्यांना सगळं सांगून टाकलं. ते तसेच गाडीला निघून गेले.

नर्सबाईंनीच मला दवाखान्यात एका डॉक्टरांकडे धाडलं. दहावा दिवस होता. मी त्यांच्यापुढे आरोपीसारखा उभा राहून भिंत, छिन्नी, आरसा, सगळं सांगितलं. ते मध्येच थांबवून म्हणाले, "ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच तयार होतो. जुळायचा तो तेव्हाच जुळतो. तुम्ही आठव्यात काय फोडलंत त्याच्याशी काही संबंध नाही. कुणाचाच दोष नसतो यात. वजन वाढलं की घेऊन या, शिवता येतो." मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

घरापर्यंत मी पळत आलो. आई विहिरीवर गेली होती. मी मागच्या खोलीच्या दारातूनच बोलायला लागलो. "अक्का, तिसऱ्या महिन्यात! तिसऱ्या महिन्यातच होतं ते! मी हात लावायच्या कितीतरी आधी!" मला वाटलं, तीही माझ्यासारखीच सुटेल.

ती पोरीला थोपटत होती. थांबली. "तिसऱ्या म्हयन्यात मी कुटं हुते?"

"सासरी."

"मग त्ये कुणावर यील?"

मी उंबऱ्यातून आत आलो.

"दाजी काल यिऊन सांगून गेले, तू कचेरीत हुतास," अक्का म्हणाली, "सासूबाई म्हनल्या, भावाच्या हातनं झालं, पोरीचा काय गुन्हा न्हाय. सव्वा म्हयन्यानं न्यायला येतो म्हनल्या. आता तू सांगशील की तिसऱ्या म्हयन्यात झालं. त्या इचारतील, तिसऱ्यात तू काय खाल्लंस, कुटं हिंडलीस, लागल्यालं गिराण बघितलंस का. पयलं पोर गेलं त्ये मी, दुसरं असं झालं त्येबी मी. मग मला कोन नेतंय?" तिनं माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे की तुझ्यावर. तुला कोन घराबाहीर काडनार हाय?"

बाराव्या दिवशी बारसं झालं. होटगीहून सासू आली, चार बायका आल्या. पाळण्याशी गेल्यावर तिनं पोरीचा ओठ पदरानं टिपला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "भित तूच फोडलीस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "मीच फोडली."

"आक्शी शिकलासवरलेला हाय म्हनं," ती बायकांना म्हणाली. बायका हसल्या नाहीत. अक्का पलंगावर बसली होती. ती एकदम म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या लेकराचा ओठ फाडला ह्यानं. मी सांगत हुते, नगं नगं." आणि रडायला लागली. सासूनं तिला जवळ घेतलं. मी मान खाली घालून उभा होतो, आणि आत कुठेतरी मला बरंही वाटलं, की काम झालं, आता नेतील हिला. ती किती छान बोलली, असंही वाटलं.

संध्याकाळी माणसं गेली. आई ओसरीवर भांडी घासत होती. खोलीत अक्का, मी आणि पाळण्यातली पोर, दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलेल, निदान हसेल. मी वाट बघत उभा राहिलो. तिनं दारावरच्या भिंतीकडे बघितलं आणि पोरीला उचलून पोटाशी धरलं. "पाळणा हितनं काड," म्हणाली. "त्या भितीच्या समूर नगं."

मी पाळणा उचलून खिडकीशी नेऊन ठेवला.